बिल्ला क्रमांक ४१७

रिब्निकच्या खाणीत तीस वर्षं मी दिवे दिले.
खाली जाणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीशी थांबायचा,
पितळी बिल्ला हातावर ठेवायचा.
मी दिवा द्यायचे, बिल्ला खिळ्याला अडकवायचे.
पाळी सुटली की उलट.
खिळ्यावर बिल्ला उरला
तर माणूस खाली उरला.
एवढंच माझं गणित.

तू चारशे सतरा, गिंटर.
आलोइस चारशे अठरा.
तुझं नाव मला फार नंतर कळलं.

मग वॉर्डात शेजारी शेजारी तुम्ही दोघं,
निळ्या रेक्झिनच्या खुर्च्यांत.
दोघांचाही डाग फुप्फुसातून हाडात उतरलेला.
डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी टक्के बघू.
आलोइसला नव्वद. तुला शून्य.
"शाळेत उलटं होतं," तू म्हणालास,
आणि आलोइस हसता हसता खोकला,
खोकता खोकता लाजला.

त्या वर्षीचा नियम असा:
नव्वदवाल्याला इम्युनोथेरपी, शून्यवाल्याला केमो.

बाईंनी चित्र काढून दाखवलं:
गाठ पहारेकऱ्याला बिल्ला दाखवते, मी घरचीच,
आणि पहारेकरी बाजूला होतो.
नवं औषध त्या खिडकीत आडवा हात घालतं.
मी म्हटलं, माझ्या खिडकीतून खोटा बिल्ला
तीस वर्षांत एकदाही गेला नाही.
(एकदा गेला होता. सत्त्याऐंशी साली,
भावाचा बिल्ला घेऊन, पिऊन आलेला पोरगा.
मी पाहिलं, आणि दिवा दिला.)

तुझ्या औषधाला चेहरे ओळखता येत नव्हते.
सुरुंगच तो: कोळसा पडतो,
छताचेही टवके पडतात.
त्यात प्लॅटिनम असतं म्हणे.
लग्नात चांदीची अंगठी घातलीस, तीही उधारीवर,
आणि आता दर तीन आठवड्यांनी प्लॅटिनम!
मी हे मोठ्याने बोलले. नर्स हसली. तू नाही.

बिटाच्या सूपाला तुला गंज लागायला लागला.
कबुतरांचा वास सोसेना,
त्यांना दाणे मी टाकायचे;
ती माझ्या खांद्यावरून तुला शोधायची.
पण ईस्टरला डाग निम्मा झाला होता.
निम्मा. हेही लिहून ठेवते,
नाहीतर लोक म्हणतील केमोने काही केलं नाही.

आलोइस तेव्हा सायकल चालवत होता.
हिल्डा केक घेऊन आमच्या दारात आली,
आणि चांगली बातमी घेऊन कसं उभं राहायचं
ते तिला जमेना.
मी केक घेतला. दार लावलं.
तो रात्री एकटीने उभ्याने खाल्ला, रागाने.

मदतनीस पोराने एक कागद दाखवला होता,
त्यावर दोन रेघा.
सुरुवातीला केमोची वर,
मग कुठेतरी दोघी एकमेकींना ओलांडतात,
एक खाली जाते, दुसरी लांबवर सपाट चालते.
ओलांडण्याच्या त्या जागी कोण बसलेलं असतं
ते कागदावर नव्हतं.

जूनमध्ये आलोइसच्या पहारेकऱ्यांनी
घरच्यांनाच झोडपायला सुरुवात केली.
जिना चढताना श्वास अर्ध्यावर.
औषध बंद, स्टिरॉइड सुरू,
चेहरा पावासारखा फुगला.
मला वाटलं (हेही लिहून ठेवते)
आता बरोबरी झाली.
झाली नाही. औषध थांबलं तरी
त्याचा डाग तिथेच गप्प बसून राहिला.
पहारेकऱ्यांना म्हणे चेहरा लक्षात राहतो.

तुझा सप्टेंबरात परत आला.

आज चार डिसेंबर, संत बार्बराचा दिवस.
बँड वाजतोय, टोप्यांवर काळी पिसं.
आलोइस आला, गणवेशाची बटणं लागत नव्हती.
स्वयंपाकघरात बसला, चहा निवू दिला.
म्हणाला, "टक्के बदलले असते तर?"
मी म्हटलं, टक्क्यांचं मला कळत नाही.
रांगेत तू नेहमी त्याच्या मागे असायचास.

मग तो उठला, कबुतरांना दाणे टाकायला गेला.

खिळ्यावर चारशे सतरा आहे.
खाण बंद झाली तेव्हा मी मागून घेतला होता.
पाळी सुटल्याची नोंद
मी अजून केलेली नाही.