मंगळवारी, फक्त महिला

एकविसाव्या मजल्याच्या वर, गच्चीत,
टाक्या आणि घुरघुरणाऱ्या एसीच्या पेट्यांमध्ये
निळ्या फरशीचा एक चौकोन आहे.
मंगळवारी साडेदहा ते साडेअकरा, फक्त महिला.
वॉचमन शेर आलम दारात प्लास्टिकची खुर्ची आडवी लावतो
आणि आमच्याकडे पाठ करून बसतो, तसबी ओढत.

नऊ वर्षं झाली शारजात, याच बिल्डिंगीत.
नऊ वर्षं भाड्यातून या पाण्याचेही दिरहम भरलेत.
पाय बुडवले ते यंदा, एकोणपन्नासाव्या वर्षी,
नुपूर कॅनडाला गेली त्याच्या पुढच्या महिन्यात.

हे म्हणाले, छंद हवा तर घरात बसून कर काहीतरी.
स्वतः त्यांनी दुर्बीण आणली होती, शनीची कडी बघायला.
इथे रात्र होते, अंधार होत नाही.
दुर्बीण बाल्कनीत तिपाईवर उभी आहे,
तिच्या नळीवर माझे परकर छान वाळतात.

रोल्यातून पायघोळ पोहण्याचा ड्रेस आणला,
रबरी टोपी, जिच्यात कलप लावलेले केस
मावतात, पण कुरकुर करतात.
आणि फोमची एक निळी पाटी.
पाटी म्हणजे पाटीच. हातात धरली
आणि पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं पोटात आलं.

शिकवते मारितेस. नुपूरपेक्षा चार वर्षांनी मोठी.
"मॅम शालान, कान पाण्यात. मान सोडा."
मान कशी सोडतात?
खाली घालायला शिकवली होती,
वर करू नये हेही शिकवलं होतं.
सोडायची असते, हे कुणी बोललंच नव्हतं.

जतला मळ्यातल्या विहिरीत अण्णा शिकला,
पाठीला वाळका भोपळा बांधून, काकानं ढकलल्यावर.
मी थारोळ्यापाशी, त्याची बंडी छातीशी धरून.
मी पण, म्हटलं, तर आईनं नुसतं बघितलं.
बायका विहिरीत उतरल्याच्या ज्या गोष्टी आमच्याकडे होत्या
त्या पोहण्याच्या नव्हत्या.

हे मारितेसला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.
ती म्हणाली, "आमच्याकडे पाणीच घरात येतं, मॅम.
मुलगा की मुलगी, विचारत नाही."

जूनमध्ये इथल्या नळाला उकळतं पाणी येतं.
मग गीझर बंद ठेवायचा, आणि गार पाणी हवं तर
गीझरमधलं घ्यायचं. असा उलटा न्याय.
अंगातूनही हल्ली तशीच वाफ उठते,
भर एसीत, भर बोलण्यात, कुणाला न सांगता.
तेव्हा मी मंगळवारपर्यंतचे दिवस मोजते.

चौदाव्या मजल्यावरची तंकम्मा काठावर बसते.
तिनं कीबोर्ड घेतलाय, बोटं मुडपत नाहीत म्हणते.
मी पाणी गिळलं की ती हसते,
तिचा सूर चुकला की डक्टमधून मला ऐकू येतो.
हिशोब फिटतो.

सातव्या मंगळवारी
पाठीखाली मारितेसचा तळवा होता,
आणि मग नव्हता.
कानांत पंपाची घुमघुम. वर पांढरं, धुरकट आभाळ,
दुबईकडे उतरणाऱ्या विमानाचं पोट, चाकं बाहेर काढलेलं.
कुणीतरी त्यात पहिल्यांदाच येत असेल.
मी मोजत होते. अकरापर्यंत गेले.
बाराला, कुकर बंद केला का, हे आठवलं
आणि बुडाले.

लिफ्टमध्ये माझ्या पावलांचं पाणी साचलं.
डिलिव्हरीवाला पोरगा त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
मी काही पुसलं नाही.

रात्री अण्णाला फोन लावला.
विहीर? ती कधीच बुजवली, म्हणाला, कोंबड्यांची शेड आहे तिथं.
आणि भोपळा? कुठला भोपळा?
तीस वर्षांत पाण्यात उतरला नाहीये.
साखर वाढलीये, गुडघा धरतो.
"आता येईल का गं पोहायला, कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "मान सोडायची, अण्णा."

"कशाची?" तो म्हणाला.
मागे कोंबड्या ओरडत होत्या,
नीट ऐकू आलं नसेल.