स्थिर वेढे

कॉव्हेंट्री. जानेवारी. चाचणीच्या बाकावर
डायनॅमोनं वेग धरला की
ब्रशखाली निळी किनार पेटते,
तांब्याच्या पट्ट्या काळवंडतात,
आणि थ्रॉसलसाहेब दरवेळी तेच करतात:
ब्रश केसभर पुढे, केसभर मागे.
ठिणगी सरकते. विझत नाही.

मी ऑगस्टा पिम, वेढे घालणारी.
बोटं लाखेनं कायमची चिकट.
मला कोण विचारतंय?
पण फिरणारीच्या अंगावर तार फार,
आणि जिनं जागचं हलायचं नाही
ती हडकुळी;
म्हणून भार आला की
चुंबकाची ओढच वाकडी होते,
एवढं वेढे मोजता मोजता कळलं.

शनिवारी, भोंगा झाल्यावर,
आर्मेचरचे वेढे उतरवले,
स्थिर गुंडाळीवर चढवले,
जाड तारेचे, एकशे चाळीस.
साहेबांनी पट्टा चढवला, दिवा मालवला,
ब्रशवर डोळे लावून वाकले.

गुरगुर. गरम लाखेचा वास.
अंधार.

"बंद पडला की काय गं?"

मी खिडकीवरचं गोणपाट सारलं.
अंगणात, लांब तारेच्या टोकाला,
मोटारीचे दोन दिवे
बर्फ पिवळा करीत होते.