मेस्तेन्यो

गावात शिरताना पहिला घोडा निऑनचा,
मोटेलच्या छपरावर. मागचे दोन पाय कधीचे गेलेत,
रात्री तो पुढच्याच पायांवर पळतो.
दुसरा पाण्याच्या टाकीवर, निळा.
तिसरा टायरच्या दुकानाच्या काचेवर,
चौथा बर्नेटच्या गाडीच्या जाळीवर, बोटभर, क्रोमचा.
दर रविवारी बर्नेट त्याला थुंकी लावून पुसतो.
नाव सगळ्यांचं एकच: मस्टँग.

मी शाळेच्या मैदानाला पाणी देतो.
नेवाड्याच्या या कोपऱ्यात ऑगस्ट सरला
की हिरवं म्हणाल तर तेवढंच,
शंभर यार्ड, आणि त्यावर मी मारलेल्या चुन्याच्या रेघा.

माझा आजा यूसेबियो नाल ठोकायचा.
म्हणायचा, मूळ शब्द आमचा. मेस्तेन्यो.
ज्याच्या कानाला खूण नाही, अंगावर डाग नाही,
कळपातून चुकलेलं, बेवारशी जनावर.
खिळे दातांत धरून म्हणायचा,
"शिवी होती ती. आता टोप्यांवर शिवतात."

मायते सरकारी कोंडवाड्यात कामाला आहे.
हेलिकॉप्टरनं डोंगरातून हाकलत आणलेले घोडे
तिथे एकेक करून खोड्यात घेतात.
ती मानेवरचे केस भादरते,
नायट्रोजनमध्ये बुडवलेलं लोखंड टेकवते.
धूर येतो, पण तो थंडीचा.
काही आठवड्यांनी तिथे पांढरे केस उगवतात: आकडा.
"नाव नाही ठेवत?" मी एकदा विचारलं.
"नावं ठेवायला गाव आहे की," ती म्हणाली.

आहेच. टोपीवर घोडा असलेली माणसं
सभेत उठून सांगतात, फार झालेत,
गवत संपवतात, झरे तुडवतात.
खोटं बोलत नाहीत ती.
मी पाहिलाय एक झरा, नुसता चिखल आणि खुरं.

शुक्रवारी रात्री सामना.
मायतेचा पोरगा इनेको घोड्याच्या सोंगात,
आत भट्टी, तोंडाच्या फटीतून दिसेल तेवढंच जग.
तिसऱ्या क्वार्टरला उत्तरेकडचं कुंपण वाजलं.

घोडी होती.
बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, शेपटीत काटे,
मानेवर आकडा नाही.
मागे शिंगरू. त्याच्या कानात वारं बिरं काही नव्हतं,
चालून चालून पेंगत होतं ते.

पंचाची शिट्टी तोंडातच राहिली.
मग लोक बाकं बडवत ओरडायला लागले,
नावाचे दोन तुकडे करून,
मस्, टँग्ज. मस्, टँग्ज.
तिनं मान वर केली नाही.
विसाव्या यार्डाच्या रेघेवरचं गवत
मुळापासून तोडत राहिली, ओठांना चुना.

इनेको तेवढा पुढे गेला.
का, ते त्याला अजून सांगता येत नाही.
तिनं हुंगली त्याची नायलॉनची आयाळ, फोमचे दात,
आणि फुरफुरली, बरोबर त्या फटीत.
आत ओल आली, तो म्हणाला. सेजच्या झुडपांचा वास.

मायते पाचव्या बाकावर. हातात फोन,
कोंडवाड्याचा नंबर तिला पाठ.
लावला नाही, असं मी म्हणत नाही.
पाहिलं ते सांगतो: पालथा ठेवला, उचलला, पुन्हा पालथा.

मी नळाच्या खोलीत गेलो.
सामन्याच्या रात्री स्प्रिंकलर बंद ठेवायचे असतात.
पहिला फवारा फुसफुसला
आणि अख्ख्या गावानं हाका मारून न हललेले ते कान
ताठ उभे राहिले.
ती डबक्यातून प्याली. मग ते प्यालं.
हेल्मेटवाली पोरं भिजत उभी, कुणी हललं नाही.

सकाळी रेघा पुन्हा मारल्या.
लीद फावड्यानं भरून गुलाबांच्या वाफ्यात टाकली.
कुंपणाचं भगदाड बुजवायला सांगितलंय मला.
तार आणून ठेवलीय.
बघू.