नवतप्यातला पाऊस

सगळ्यात आधी घड्याळ लावा, असं पुस्तिकेत होतं.
मी सगळ्यात शेवटी लावलं,
म्हणून पहिले चार दिवस आमच्या गच्चीवर
एक, दोन, तीन, चार जानेवारी दोन हजार
आणि तापमान शेहेचाळीस.

खोका वहीएवढा, राखाडी.
आत नाण्याएवढा सेल, नखाएवढं मेमरी कार्ड.
दर दहा मिनिटांनी जागा होतो,
तारांना विचारतो काय चाललंय,
एक ओळ लिहितो, परत झोपतो.

बसवायला दोन दुपारी गेल्या.
हिंगणा रोडवरचं कॉलेज, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची,
डांबराचे पट्टे चपलेला चिकटत होते.
खांब पाण्याच्या टाकीपासून लांब,
कूलरच्या तोंडापासून त्याहून लांब.
थर्मामीटरवर सावली धरायला पांढऱ्या थाळ्यांची उतरंड,
वर तीन वाट्यांचं फिरकं,
आणि उत्तर शोधायला मी होकायंत्र काढलं तेव्हा
दसरू उईके, आमचा शिपाई, म्हणाला,
"काहून एवढं? उत्तर तिकडे. गोरेवाड्याकडे."
होकायंत्रानं सुई थरथरवून, जरा वेळ घेऊन
तेच सांगितलं.

पाऊस मोजायचं नरसाळं कठड्यापासून हातभर आत.
त्याच्या पोटात इवलासा सी-सॉ :
चार मिलिलीटर जमलं की कलंडतो,
टक्,
शून्य पूर्णांक दोन.
मी ड्रॉपरनं पाणी सोडून तपासलं. टक्. टक्.
दसरू वाकून बघत होता.
त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दोन जूनला दुपारी लॅपटॉप घेऊन वर गेले,
ओढणी अर्धी डोक्यावर, अर्धी पडद्यावर.
फाइल उतरली, तेराशे ओळींची.
वारा ठीक. आर्द्रता अकरा, नऊ, बारा.
पाऊस :
पंचवीस मे, सकाळी सहा चाळीस, दहा मिलिमीटर.
सव्वीस मे, सहा चाळीस, दहा मिलिमीटर.
सत्तावीस. अठ्ठावीस. तसंच खाली.
आभाळात कापसाएवढाही ढग नाही
आणि माझ्या गच्चीवर नवतपाभर
रोज पेलाभर पाऊस, हजेरीपटासारखा.

वायर तपासली. जोड उघडले. सेल बदलला.
पुरवठादार फोनवर म्हणाला, खांब हलत असेल मॅडम.
खांब हलत नव्हता. मीच हलवून पाहिला.

चार तारखेला सहा वाजताच टाकीमागे बसले.

दसरू आला. हातात स्टीलचा पेला.
नरसाळ्यात ओतला, काठानं, सावकाश,
मग वाकून आत पाहिलं.
मला बघून दचकला नाही.
"थांबूनच नाही राह्यलं यात पाणी.
किती टाका, गिळून घेते.
पाखरं काठावर बसते, पायते, उडून जाते.
एवढं महागाचं भांडं तुमचं अन् बुडाला भोक."

मी त्याला टक् समजावलं.
तो बराच वेळ खोक्याकडे पाहत राहिला.
"म्हणजे मायाच पाण्याचा हिशोब होय हा?"
होय. नऊ दिवसांचा, नव्वद मिलिमीटर.
"अन् पाखरायचा?"

विद्यापीठाला पाठवायच्या तक्त्यात त्या नऊ जागी
उणे नऊशे नव्याण्णव टाकलं.
त्याचा अर्थ काही झालं नाही असा नव्हे,
काय झालं ते माहीत नाही, असा.
माहीत होतं.
पण त्यासाठी आकडा ठरलेला नाही.

आता नरसाळ्यापासून तीन मीटरवर मातीचं परळ आहे,
आणि गच्चीच्या दाराला सुतळीनं बांधलेली
जुन्या मस्टरची उरलेली पानं.
पेन्सिलीचं अक्षर, मोठं, ओळीबाहेर जाणारं :

सात जून. साळुंक्या दोन, खार एक.
आठ जून. कावळा. भाकर बुडवून खाल्ली.
नऊ जून. मी नव्हतो, रामटेकले गेलो होतो.
आले असतील.