बर्फाला वास नसतो

एर्झुरुममध्ये जानेवारीत
लोखंडाला उघडा हात लावायचा नाही
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो,
तळहाताची साल पान्यावर ठेवून.

मुहर्रेम उस्ता मात्र हातानंच बघायचे.

नेरिमान सुईण आल्या तेव्हा उजाडत होतं.
जुनी पांढरी रेनॉ गुरगुरत दारात उभी,
आणि आत त्या, टोपी, शाल, दोन-दोन हातमोजे,
गाडीत नव्हे, उघड्या डोंगरावर बसल्यासारख्या.
"हीटर थंड फुंकतोय. दोघांनी दोन थर्मोस्टॅट बदलले.
काटा मात्र मनाला येईल तेव्हा लालात जातो."

उस्तांनी बॉनेट उघडलं.
रेडिएटरच्या झाकणाकडे माझा हात गेला तसा
त्यांनी तो हवेतच धरला.
"तापलेल्याचं तोंड उघडायचं नसतं.
इंजिन असो, नाहीतर माझा सासरा."

मग नुसते प्रश्न.
थंड कधी होतो? चढावर, की उभी असताना?
"चढावर जरा ऊब येते.
कुणाच्या दारात थांबले, की गेली."
पाणी?
"दर आठवड्याला घालते. जातं कुठं, देव जाणे."

डिपस्टिकवरचं तेल तेलासारखंच होतं,
ताकासारखं नाही.
धूर पातळ. गाडीखालच्या बर्फावर
हिरवा ठिपकासुद्धा नाही.
हीटरकडे जाणारे दोन पाइप उस्तांनी
दोन मुठींत धरले, डोळे मिटले.
एक चटका देणारा,
दुसरा काल विझलेल्या चुलीइतका कोमट.
"पाणी कमी, जागेवर हवा शिरलीय," म्हणाले,
"पण चोर बाहेरचा नाही."

आणि ते जाऊन शेजारच्या सीटवर बसले,
जिथं पोटुशा बायका बसतात.
काचेवर आतून बोट फिरवलं: तेलकट.
खाली वाकून चटई उचलली: ओली.
"ते बायकांच्या बुटांचं," नेरिमान घाईनं म्हणाल्या,
"मीच नेते ना त्यांना इस्पितळात.
अख्खा हिवाळा ती चटई वाळत नाही."

उस्तांनी बोट बुडवून नाकाशी नेलं.
मग माझ्या नाकाशी.
गोड.
चहा पिताना आम्ही दातांत धरतो त्या खड्यासारखं नाही,
औषधी, लबाड गोड.

"बर्फाला वास नसतो," ते म्हणाले.

हीटरचा गाभा फुटला होता,
डॅशबोर्डच्या पोटात, सगळ्यात आत.
अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दोन दिवस.
"दोन दिवस?" नेरिमान हसल्या नाहीत.
"वरच्या गावात एक बाई अडलीय. मूल पायाळू."

उस्तांनी चहा तसाच ठेवला.
दोन्ही पाइप सोडवून एकमेकांना जोडले,
हीटरला मधून वगळलं.
उतारावर गाडीचं नाक वर करून पाणी भरलं,
बुडबुडे मोजत बसलो आम्ही.
शेवटचा बराच वेळ आलाच नाही,
मग आला, ढेकरासारखा.

"इंजिन आता तापणार नाही," उस्ता म्हणाले,
"पण तुम्हालाही ऊब नाही.
खिडकी बोटभर उघडी ठेवा,
नाहीतर तुमचाच श्वास समोर गोठेल."
आणि खुंटीवरचा आपला मेंढीच्या कातड्याचा कोट
सीटवर टाकला. बोलले काहीच नाहीत.
बाहेर उणे सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली.
समोरच्या काचेवर आतून बर्फाचा थर,
त्यात खरवडलेलं तळहाताएवढं एक भोक.
रात्रभराचा घाट त्यांनी एवढ्यातूनच पाहिला होता.

कोट नव्हता.
"थंडी होती फार, आणि ते एवढंसं,"
नेरिमान म्हणाल्या, हातांनी माप दाखवत.
"दोघांना मिळून पुरला."

उस्तांनी रिकाम्या खुंटीकडे एकदा पाहिलं,
शेगडी पायाशी ओढली,
डॅशबोर्डखाली आडवे झाले,
आणि तिथूनच हात बाहेर काढला:
"दहा नंबरचा पाना दे. आधी गरम कर."