पास्कोलच्या करवंट्या

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना
डाव्या हाताला पास्कोलचं गॅरेज: चार वासे, वर पत्रा,
आणि एक चौसष्टची फियाट.
बॉनेट उघडलं की आत मीठ फुललेलं.

मी सोळाचा. पहिल्याच दिवशी स्टड तोडला.
पान्यावर अख्खा भार टाकला आणि कट्.
तो ओरडला नाही. शेजारच्या स्टडवर तेल सोडत म्हणाला,
"बसूक पंचवीस वर्सां लागली तेका,
उठूक एक रात तरी दी."
सकाळी तो दोन बोटांनी फिरला.

नट-बोल्ट करवंट्यांत, खोलले त्या क्रमाने,
ओट्यावर एक ते चौदा.
बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा ठोकायच्या;
एकीची टोपी दुसरीला चालत नाही,
माप तेच असलं तरी.
जे सोबत झिजलं ते सोबतच बसतं,
असं पुढे मी बायकोला सांगून पाहिलं.
ती हसली नाही.

व्हॉल्व्ह घासताना हाताला कळतं:
आधी करकर, मग सरसर,
मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीवर थांबायचं.
मला अजून जमत नाही.

एकदा पिस्टनच्या पिनेची सर्क्लिप निसटली.
टिंग झालं. कुठे, ते पाहिलं नाही.
डब्यातली दुसरी बसवली, गप्प राहिलो.
हेड चढलं. तेल भरलं.
पास्कोलने करवंट्या एकेक पालथ्या केल्या,
डब्यातल्या सर्क्लिपा मोजल्या,
मग माझे कान पाहिले. लाल.
आणि खाली वाकून
तेलाचा नट सोडला.

दिवेलागणीला ती सापडली, चेंबरच्या तळाशी, गाळात.
माझ्या तळहातावर ठेवून तो हात धुवायला गेला.
विहिरीवर बराच वेळ रहाटाचा आवाज येत होता.

आता तो म्हापशाला, लेकीकडे. ऐकू कमी येतं.
फियाट माझ्याकडे. दर रविवारी सुरू करतो,
चालून झिजत नाही एवढं इंजिन
उभं राहून झिजतं.

काल फोन बॉनेटजवळ धरला.
पलीकडे नुसता श्वास, मग खोकला.
"तिसरो टॅपेट वाजता."

मला तर काही वाजताना ऐकू येत नव्हतं.
चावी बंद केली.
इंजिन गार होईपर्यंत
ओट्यावर करवंट्या मांडत बसलो.