आल्याचा गड्डा

सातशे किलोमीटर वरून व्होल्टा
निळी नाही, काळी दिसते,
आणि धरणामागे फुगलेलं तिचं पाणी
चहूबाजूंनी बोटं फुटल्यासारखं.
"आल्याचा गड्डा," अफेफा म्हणाली,
आणि धुरीवरचे मासे उलटवायला निघून गेली.

आगबेकोने कागद उलटा धरला.
मी सरळ करून दिला.
त्याने पुन्हा उलटा केला.
तो धरणाकडे तोंड करून बसला होता,
तेव्हा त्याचंच बरोबर.

मग त्याने बोट टेकवलं.
बोटाखाली सात गावं झाकली गेली.
बोट उचललं,
तरी दिसेनात.

"इथं आमचं ओडुमचं झाड.
बाबांनी होडीसाठी राखलं होतं.
अजून उभंच आहे आत,
दर साली माझं जाळं फाडतं.
शिव्या घालतो मी,
मग गप्प बसतो."

उपग्रहाला झाड दिसत नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.

रात्रीचं चित्र मी शेवटी काढलं.
दक्षिणेला अक्रा पेटलेलं,
किनाराभर निखारे सांडलेले,
धरणापाशी एक टपोरा ठिपका.
वर तळं कुठे संपतं
आणि नुसता काळोख कुठे लागतो,
मलाही नीट दाखवता येईना.

बराच वेळ तो शोधत राहिला.
"हा कंदील कुठला यातला?"
"इतका लहान उजेड येत नाही चित्रात."

त्याने वात वर केली.

बाहेरून अफेफा ओरडली :
"रॉकेल शनिवारपर्यंत पुरवायचंय!"